मोहनमळ्यातला समुद्र आणि सारजाचा माईक

निमगाव केतकीत सारजा शेंडेचं घर कुठलं असं विचारलं, तर लोक बोटानं दाखवत नाहीत. ‘जरा थांबा, ऐकू येईलच’ म्हणतात. बाईचा आवाजच तसा आहे. गोड नाही, हे आधीच सांगते. स्टीलच्या पातेल्यावर पळी आपटावी तसा खणखणीत आहे आणि तो कुठंही पोचतो. मला विचारा. बारामतीच्या कॉलेजात अर्थशास्त्र शिकवून निवृत्त झाल्यावर शांतता हवी म्हणून मी माहेरच्या गावी घर बांधलं, आणि समोर सारजा निघाली.

तिच्या नवऱ्याचा, सोपानचा, मंडप-स्पीकरचा धंदा. माणूस अत्यंत कमी बोलतो. आयुष्यभर दुसऱ्यांचे आवाज मोठे करून देणाऱ्याला स्वतःचा आवाज लागत नसावा. सारजा लग्न होऊन आली तेव्हापासून त्याच्याबरोबर वायरी गुंडाळायला, दिव्यांच्या माळा सोडवायला जायची. माईकला हात लावणं तिचं काम नव्हतं. आमच्याकडं लग्नात माईकवर एक पुकारणारा असतो. कोण मान्यवर आले, कुणाच्या हस्ते कुणाचा सत्कार, मुलीच्या मामांनी कुठं उभं राहायचं, कुणाची मोटरसायकल आचाऱ्याच्या वाटेत लागली आहे, हे सगळं तो सांगतो. भटजी उशिरा आले तर चालतं, पुकारणारा नसला तर लग्न पुढं सरकत नाही.

तर एका लग्नात हा पुकारणाराच गायब झाला. त्याच मुहूर्तावर दुसरीकडं जास्त मानाचं लग्न होतं, तिकडं गेला. नवरदेव वेशीत बँडसमोर घोड्यावर, मित्र त्याला उतरू देईनात, मांडवात बायका पदरानं वारा घेत बसलेल्या आणि मुहूर्त टळत चाललेला. सारजानं हातातली वायर खाली टाकली, माईक उचलला आणि म्हणाली, ‘नवरदेवाच्या मित्रमंडळींना नम्र विनंती, आपला नाच आम्हाला आवडलेला आहे, परंतु नवरी मुलगी सकाळपासून उपाशी आहे आणि तिच्या मनात आता वेगळे विचार येऊ लागले आहेत.’ सगळा मांडव हसला. नवरदेव घोड्यावरून उतरून जवळजवळ पळतच आला. पुढच्या लग्नापासून लोक सोपानला विचारायला लागले, स्पीकर कुठलाही लाव, पण ती बाई येणार का?

हे ताठ, इस्त्री केलेलं मराठी ती कुठून आणते ते मला अजून कळलेलं नाही. घरात तिची भाषा आपली गावचीच, कोंबड्या हाकलायची आणि जावेशी भांडायची. माईक हातात आला की एकदम ‘उपस्थित मान्यवर’ आणि ‘शुभहस्ते’. बटण बंद केलं की त्याच श्वासात, ‘आवं, चिरकतंय, वाईच कमी करा की.’

तिच्या कामात दोन गोष्टी कधी चुकल्या नाहीत. ज्याला पुकारायचं त्याचं नाव, बापाचं नाव आणि गाव तिच्या तोंडावर असायचं. आणि दुसरं म्हणजे शेवटचं वाक्य. अक्षता पडल्या की ती म्हणणार, ‘अमुक परिवाराच्या वतीनं सर्वांना नम्र विनंती, जेवल्याशिवाय कुणीही जाऊ नये.’ वाक्य सगळेच पुकारणारे म्हणतात. पण सारजा ते अशा काही अगत्यानं म्हणायची, की घरून जेवून आलेला माणूसही चपला काढून पंगतीला बसायचा. इतक्या वर्षांत तिनं शेकड्यानं माणसं ‘पुढं यावं’ म्हणून बोलावली, त्यांना फेटे बांधवले, नारळ देववले. तिचा स्वतःचा सत्कार मात्र एकदाही झाला नाही. होणार कसा? पुकारणार कोण?

मग बारामतीत अँकर नावाची जात उगवली. कोट घातलेली पोरं, गालावर चिकटवलेला माईक, दर वाक्याला ‘टाळ्या झाल्या पाहिजेत’. त्यांच्यामागं डीजेचा असा दणका, की नाव कुणाचं घेतलं ते ज्याचं घेतलं त्यालाही कळू नये. लोकांना तेच आवडायला लागलं. सारजाची बोलावणी कमी होत गेली आणि घरात तिचा जाच वाढत गेला. सोपानला भाकरी वाढताना ‘भाकरी घेण्यासाठी पुढं यावं’ म्हणायची. सोपान निमूटपणे पुढं यायचा. मी एकदा तिला म्हटलं, अगं, स्पीकरचा धंदा चाललाय ना बरा, मग कशाला जीव जाळतेस? तर म्हणाली, बाई, तुमचं शिकवायचं बंद झालं तवा तुमी काय आनंदानं नाचला व्हता व्हय? मी तिचं म्हणणं मान्य केलं. ही सवय मला फारशी नाही.

भवानीनगरच्या वाटेवर मोहनरावांचा मळा आहे. उसाचा काही तुकडा मोडून त्यांनी तिथं घसरगुंड्या आणि कारंजी केली आणि फाट्यावर ‘मोहनमळा जलनगरी’ अशी पाटी लावली. तेव्हा मी त्यांना तोंडावर विचारलं होतं, की इथं पाण्याच्या पाळीवरून भाऊ भावाशी बोलत नाही आणि तुम्ही घसरगुंडीवरून पाणी सोडताय? ते म्हणाले, तेच पाणी गाळून फिरवतो आणि बदललं की उसाला देतो. अंघोळ कुणी केली हे ऊस विचारत नाही. उत्तर मला पटलं नाही, पण आवडलं.

या वर्षी त्यांनी लाटांचा तलाव बांधला. एका बाजूला उथळ, दुसऱ्या बाजूला खोल, आणि यंत्र सुरू केलं की खऱ्यासारख्या लाटा. ‘इंदापूर तालुक्यात समुद्र’ असे फलक पार टेंभुर्णीपर्यंत लागले. गर्दी होणार हे दिसत होतं, म्हणून मोहनरावांनी पुण्याहून प्राची नावाची मुलगी व्यवस्थापक म्हणून आणली. आधी मोठ्या पार्कात काम केलेली, घड्याळ बघून बोलणारी. मला लगेच आवडली. तिची पद्धत सरळ होती. आत येताना प्रत्येकाच्या मनगटाला रंगीत कागदी पट्टी. ज्या रंगाची पाळी, तेवढ्यांनीच तलावात उतरायचं. लाटा थांबल्या की भोंगा, भोंगा झाला की सगळ्यांनी पलीकडच्या दारानं बाहेर आणि पुढचा रंग आत. आणि सूचना द्यायला एका पुण्याच्या मुलीचा आवाज भरून आणलेला.

स्पीकर लावायचं काम सोपानकडं आलं, त्यामुळं सारजाही गेली. तो आवाज तिनं ऐकला. ‘प्रिय अतिथी, कृपया आपल्या सत्राची प्रतीक्षा करा.’ सारजा तडक मोहनरावांकडं गेली आणि म्हणाली, ‘आबा, ह्या पोरीला आपल्याकडं कोण वळखतंय? तिचं कोण ऐकणार?’ मोहनरावांच्या मुलीच्या लग्नात सारजानंच पुकारलं होतं. त्यांनी थोडा विचार केला आणि सांगितलं, उद्घाटनाच्या दिवशी तू बोल. गर्दी नीट हलली तर माईक बारा महिने तुझा. नाही हलली तर दुसऱ्या दिवसापासून त्या पुण्याच्या पोरीचा भरलेला आवाज, आणि पुन्हा माझ्याकडं यायचं नाही.

बारा महिने माईक! लगीनसराई नाही, मुहूर्त नाही, अँकर नाही. सारजा त्या आठवड्यात मिठाच्या गुळण्या करत होती आणि जावेशी भांडण पुढं ढकललं होतं.

उद्घाटन मे महिन्यातल्या एका रविवारी. मी धोंडाबाईंना घेऊन गेले. धोंडाबाई आमच्या आळीतल्या सगळ्यांत म्हाताऱ्या, नऊवारीतल्या, समुद्र कधी न पाहिलेल्या. वर गेल्यावर विचारलं समुद्र बघितला का, तर काय सांगू, असं त्या मला महिनाभर ऐकवत होत्या. तलावात नायलॉनच्याच कपड्यांनी उतरायचं असा नियम, आणि धोंडाबाई सुती लुगडं सोडायला तयार नाहीत. प्राचीनं एका वाक्यात तोडगा काढला, की आजी काठावर बसतील, फक्त पाय पाण्यात. असा निर्णय घ्यायला आमच्या कॉलेजात तीन बैठका लागल्या असत्या.

गर्दी म्हणाल तर जीपा, टेम्पो, ट्रॉल्या, एसटीच्या फाट्यापासून चालत येणारे, कडेवर पोरं, डोक्यावर डबे. प्राचीनं रांगेसाठी लोखंडी नळ्यांची वळणावळणाची वाट केली होती. थोड्या वेळानं ती बघायला आली तर रांगेत माणसं थोडी आणि चपलाच जास्त. लोकांनी नंबराला चपला लावल्या होत्या आणि स्वतः लिंबाखाली डबे सोडून बसले होते. प्राचीनं सारजाला विचारलं, हे काय आहे? सारजानं समजावलं, एसटीच्या खिडकीतनं रुमाल टाकत्यात न्हाय का, तसंच. प्राचीनं त्या चपलांची रांग डोळ्यांनी मोजली. मग म्हणाली, राहू द्या, चपला ढकलाढकली करत नाहीत.

माईक तलावाच्या काठावरच्या छोट्या स्टेजवर होता आणि तिथं सारजाच्या हातात तिनं सूचनांचा छापील कागद दिला होता. सारजानं तो इमानानं वाचला. ‘निळ्या रंगाचे सत्र आता सुरू होत आहे.’ कुणी हललं नाही. निळ्या पट्टीवाला आपल्या लाल पट्टीवाल्या मेव्हण्याला सोडून जाईना, आणि लाल पट्टीवाला म्हणे, रंगात काय ठेवलंय. सारजानं प्राचीला विचारलं, माझ्या पद्धतीनं सांगू का? प्राची म्हणाली, सांगा, फक्त रंग बदलू नका.

सारजानं कागद खाली ठेवला. आणि मग जो आवाज निघाला, तो ऐकून लिंबाखालची माणसं घास हातात धरून थांबली. निळ्या पट्टीचं वऱ्हाड दारात आलेलं आहे, असं ती म्हणाली. या वऱ्हाडात शेळगावची, काझडची आणि लासुर्ण्याची मंडळी आहेत, त्यांनी आपल्या गावाला शोभेल अशा रीतीनं पुढं यावं. लाल पट्टीचं वऱ्हाड सध्या पारावर आहे, त्यांच्या स्वागताची तयारी सुरू आहे, त्यांनी वेशीत गर्दी करून स्वतःचा मान कमी करून घेऊ नये. काय सांगू, शेळगावकर ओळीनं निघाले. गावाचं नाव माईकवर घेतलं होतं, आता धक्काबुक्की कोण करणार? मेव्हण्याला लोक ‘मागच्या वऱ्हाडातनं या’ असं सांगून पुढं जायला लागले. प्राचीनं घड्याळ बघितलं आणि पहिल्यांदाच हसली.

दुपारपर्यंत असं सुरळीत चाललं. सारजानं हरवलेली पोरं आयांना मिळवून दिली, वाटेत लावलेली एक जीप मालकाच्या आजोबांचं नाव घेऊन हलवली. मोहनराव पाहुण्यांबरोबर आंब्याखालच्या मांडवात होते आणि अधूनमधून समाधानानं मान हलवत होते.

मग ऊन चढलं. आमच्याकडचं मेमधलं ऊन ज्यांना माहीत आहे त्यांना पुढचं सांगायला नको. लाटा थांबल्या, भोंगा झाला, आणि तलावातली माणसं बाहेरच आली नाहीत. बाहेर भट्टी, आत गार पाणी, कोण येईल? लाइफगार्ड पोरं शिट्ट्या फुंकून लालबुंद झाली. एकानं धोंडाबाईंना विनवलं, आजी, तुमी उठा, मग बाकीचे उठतील. धोंडाबाई म्हणाल्या, ‘समुद्र हाय न्हवं? समुद्राला काय वेळ आसतो व्हय रं?’ हे वाक्य तलावभर पसरलं आणि जे उठायच्या बेतात होते तेही बसले. मी काय करत होते? खरं सांगायचं तर मीही गुडघाभर पाण्यात उभी होते आणि मलाही निघायचं नव्हतं.

बाहेरच्या दारात पिवळ्या पट्टीचं वऱ्हाड तापत होतं. आता रांगेत चपला नव्हत्या, माणसं होती. मागचे पुढच्यांना रेटत होते, पोरं रडत होती, लोखंडी दार आत वाकायला लागलं होतं. ते उघडलं असतं तर भरलेल्या तलावात आणखी माणसं पडली असती, आणि ते काही हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं. प्राचीचा चेहरा उतरला. सारजाजवळ येऊन तिनं एवढंच सांगितलं, ‘सारजाताई, काहीही करा, पण हा तलाव आधी रिकामा करा.’

सारजानं सगळं करून पाहिलं. गावांची नावं घेतली. गावं पाण्यातून हात हलवायला लागली. विनंती केली, दटावलं, थट्टा केली. लोक हसले आणि बसून राहिले. तिचा घसा सुकला होता. ती पाण्याचा घोट घ्यायला थांबली, तेव्हा सगळ्या तलावानं तोंडं वर करून तिच्याकडं पाहिलं. ओली, तृप्त, आता पुढं काय म्हणून बघणारी तोंडं. अक्षता पडल्यावर मांडव जसा स्टेजकडं बघतो, अगदी तसा. एवढ्या वर्षांची सवय; अशा तोंडांना काय सांगायचं असतं ते तिच्या जिभेला तिच्याआधी ठाऊक होतं.

‘मोहनराव आणि परिवाराच्या वतीनं,’ सारजा म्हणाली, ‘सर्वांना नम्र विनंती, जेवल्याशिवाय कुणीही जाऊ नये.’

तलाव उठला. मी डोळ्यांनी पाहिलं. पोरं काखेत, टॉवेल खांद्यावर, सगळे पलीकडच्या दारानं बाहेर, तेही ओळीनं, कारण पंगतीला जाताना धावणं बरं दिसत नाही. धोंडाबाई लुगड्याचा ओला काठ पिळत सगळ्यांच्या पुढं. बाहेरच्या दारावरचा रेटाही सैलावला, कारण मागचे अर्धे लोक पंगत कुठं बसते ते बघायला वळले. दार सरळ झालं. प्राचीनं उरलेल्या पिवळ्या पट्ट्यांना शांतपणे आत घेतलं. मिनिटापूर्वी जिथं अनर्थ व्हायचा होता, तिथं सगळं कसं छान चाललं होतं. फक्त जेवण नव्हतं.

सारजाच्या ते लक्षात आलं तेव्हा तिनं माईकचं बटण बंद केलं आणि खालीच बसली. मोहनराव आंब्याखालून चालत आले. पांढरी टोपी, हळू पावलं.

‘माझ्या नावानं बोललीस,’ ते म्हणाले.

‘व्हय आबा. निसटलं तोंडातनं.’

प्राची मधे पडली. चूक झाली असं नम्रपणे जाहीर करू, आत उपाहारगृह आहे ते सांगू, लोक समजून घेतील, असं तिचं म्हणणं. दुसऱ्या कुठल्याही ठिकाणी ते बरोबर ठरलं असतं. मोहनरावांनी तिच्याकडं असं बघितलं, जणू तिनं त्यांना नेसतं धोतर विकायला सांगितलं होतं.

‘माईकवर जेवायला बोलवायचं आन माईकवरच माघारी धाडायचं?’ ते म्हणाले. ‘पोरी, तू जाशील पुण्याला. मला ह्याच तालुक्यात लग्नाला जायचं असतं.’

मग त्यांनी झुंबर आचाऱ्याला हाक मारली. झुंबर पाहुण्यांच्या जेवणासाठी आला होता आणि त्याच्याकडं पाहुण्यांपुरतंच होतं. भात-आमटी होईल का, मोहनरावांनी विचारलं. झुंबर म्हणाला, होईल, तांदूळ-डाळ येईपर्यंत चुली पेटवतो, पण एवढ्या माणसांना भांडी कुठून आणायची? यावर सगळे एकमेकांकडं बघत असताना एक अनोळखी आवाज आला. ‘भांडी हायेत.’ तो सोपान होता. मंडपवाल्याकडं कढया-पातेली असतातच, पण ते त्यानं बोलून दाखवावं याचं सारजालासुद्धा आश्चर्य वाटलेलं दिसलं.

एक टेम्पो तांदूळ-डाळ आणायला भवानीनगरकडं आणि दुसरा सोपानच्या भांड्यांसाठी निमगावला पिटाळला. मोहनराव जाता जाता सारजाला म्हणाले, ‘तवर ह्यास्नी धरून ठेव. कुणी उपाशी पोटी नावं ठेवत गेला, तर तुझं-माझं बोलणं संपलं.’

जेवण उशिरा असलं की पुकारणारा काय करतो, हे लग्नांना जाणाऱ्या कुणालाही सांगायला नको. सत्कार लांबवतो. सारजा उठली, पदर खोचला आणि माईकपाशी गेली. पण सत्कार करायचा तर नारळ हवा, आणि तिथं नारळ एकच होता, सकाळी तलावाच्या पूजेत ठेवलेला. सारजानं तोच घेतला.

समुद्रावर आलेल्या सर्वांत ज्येष्ठ माता म्हणून पहिला सत्कार धोंडाबाईंचा. मोहनरावांच्या पाहुण्यांपैकी एका साखर कारखान्याच्या माजी संचालकांच्या हस्ते. धोंडाबाईंनी नारळ घेतला, टाळ्या झाल्या, आणि त्या खाली उतरताच सोपाननं तो त्यांच्या हातातून अलगद काढून घेऊन परत स्टेजवर पोचवला. मग सर्वांत लांबून आलेलं करमाळ्याचं कुटुंब. मग नवं जोडपं, हळदीच्या अंगानं आलेलं. मग एकाच घसरगुंडीवरून बरोबर उतरलेल्या सासू-सुना. त्यांना तर लोकांनी शिट्ट्या घातल्या. मग रांगेत दुसऱ्याच्या चपला न हलवता बाजूनं गेलेले एक सज्जन. नारळ जात होता आणि येत होता. लोकांच्या हे ध्यानात आलं तेव्हा ते रागावले नाहीत, उलट नारळ परत येताना त्यालाच टाळ्या द्यायला लागले. सावलीच्या जाळीखाली सगळे मांडी घालून बसले होते आणि आपलं नाव येतंय का याची वाट बघत होते. आमटीच्या फोडणीचा वास आला, तेव्हा बरेच जण सत्काराविना उरले म्हणून थोडे खट्टू झाले.

पंगती बसल्या. वाढायला गावोगावची पोरं आपणहून उठली, कारण बसलेल्या पंगतीत उभं राहून नुसतं बघणं आमच्याकडं कुणाला जमत नाही. आणि प्राची, जिच्याबद्दल मला वाटलं होतं की ती कोपऱ्यात जाऊन रडत असेल, ती घड्याळ हातात घेऊन पंगती मोजत होती. एक रंग पाण्यात, एक रंग पंगतीत, एक रंग सावलीत. भोंगा झाला की पाण्यातला रंग पोटात कावळे घेऊन आपोआप बाहेर येतो आणि जेवलेला रंग सुस्तावून सावलीत पडतो. संध्याकाळपर्यंत तलावाच्या दारात पुन्हा रेटारेटी झाली नाही. प्राचीनं मोहनरावांना गाठून सांगितलं, की तिकिटातच भात-आमटी धरा, गर्दी आवरायला यापेक्षा चांगली युक्ती मी कुठल्या पार्कात पाहिलेली नाही. मोहनराव नुसते ‘हं’ म्हणाले.

ऊन उतरलं. लोक जायला निघाले. सारजा सोपानबरोबर वायरी गुंडाळायला बसली. मी जवळ गेले तर म्हणाली, ‘गेलं बाई. माझ्याच तोंडानं घालवलं. आबा एक शब्द बोलले न्हाईत.’ मी तिला सांगितलं, की तुझ्या तोंडानं आज एक लोखंडी दार वाचवलं, उगाच गळा काढू नकोस. तिला ते पटलं नाही. माझं सांत्वन लोकांना पटत नाही, असा माझा अनुभव आहे.

तेवढ्यात स्पीकर खरखरला. मोहनरावांनी माईक हातात घेतला होता, उलटा. सोपाननं जाऊन तो सरळ करून दिला. मोहनरावांनी दोनदा फुंकर मारली, तीनदा ‘हॅलो’ म्हटलं. भर सभेत उसाच्या दरावर तासभर बोलणारा माणूस, पण घाम फुटला होता.

‘सारजाबाई सोपान शेंडे,’ ते म्हणाले, ‘मुक्काम निमगाव केतकी. यांनी पुढं यावं.’

सारजानं मान वर केली आणि सवयीनं इकडंतिकडं बघायला लागली, या सारजाबाई कोण आणि कुठं बसल्यात. जाणारी माणसं दारात थांबली. धोंडाबाईंनी तिला काठीनं ढोसलं, ‘आगं, तूच ती.’ तेव्हा ती उठली. हातातली वायर तशीच, पदर खोचलेला. मोहनरावांनी तोच नारळ तिच्या हातात दिला. शाल नव्हती, म्हणून प्राचीनं तलावाचा एक भाड्याचा टॉवेल आणून दिला, तो त्यांनी तिच्या खांद्यावर टाकला. आणि माईकवर सांगितलं, की उद्यापासून इथं हीच बोलणार, बारा महिने. मग माईक खाली न घेताच तिला म्हणाले, त्यामुळं ते सगळ्यांनी ऐकलं, ‘फकस्त जेवायला बोलवायच्या आधी झुंबरला इचारत जा.’

टाळ्या पडल्या. सारजानं नमस्कार केला, खाली उतरली आणि नारळ सोपानच्या हातात परत दिला. सोपाननं तो घेतला नाही. तो दिवसभरातलं दुसरं वाक्य बोलला, ‘ह्यो ऱ्हाऊ दे.’

सारजा नारळ काखेत धरून उभी राहिली. डोळे भरून आले असतील, मी निरखून पाहिलं नाही, कारण तिनं लगेच मोहनरावांच्या हातून माईक काढून घेतला. ज्या सद्‌गृहस्थांनी आणि भगिनींनी टॉवेल भाड्यानं घेतलेले आहेत, त्यांच्यापैकी, ते भाड्याच्या खिडकीवर जमा केल्याशिवाय, कुणीही जाऊ नये, असं तिनं जाहीर केलं. मग स्वतःच्या खांद्यावरचा टॉवेल काढला, नीट चौघडी घातली आणि सगळ्यांत आधी खिडकीवर नेऊन दिला.